राउटरने फोन केव्हा ठेवावा? आयएसडीएनच्या धड्यांविषयी

सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना टेलिफोन पाहायला मिळतो. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो बसवला होता, असे तेथे सांगितले जाते. सहलीला आलेल्या मुलांपैकी एखादा तरी विचारतो, "सर, याची तार कुठं जाते?" प्रश्न चांगला आहे. टेलिफोनपासून एक्सचेंजपर्यंत तांब्याच्या दोन तारा जातात आणि बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे त्यांतला विद्युतप्रवाह कमीजास्त होतो, एवढे उत्तर त्या यंत्राला पुरते. चारपाच दशकांनंतर त्याच दोन तारांवरून आवाजाऐवजी अंक पाठवण्याची पद्धत ठरली. १९८४ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली. तिचे नाव आयएसडीएन. पुढे ती संगणकजालाच्या अभ्यासक्रमांत आली, पुस्तकांत तिच्यावर धडे लिहिले गेले, आणि जुन्या प्रश्नसंचांत 'टीपा लिहा' या सदरात ती आजही भेटते.

या लेखात मला आयएसडीएन शिकवायचे नाही. ते शिकवणाऱ्या धड्यांविषयी आणि राउटरबरोबर येणाऱ्या पुस्तिकांविषयी लिहायचे आहे. माझा आक्षेप थोडक्यात असा, की हे सारे लेखन लाइन कशी जोडायची ते सांगते, पण ती केव्हा सोडायची याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. आणि या विषयातला सगळा विचार, सगळे गणित आणि सगळा खर्च त्या सोडण्यातच आहे.

आधी धड्यांचे जे चांगले आहे ते सांगतो. ६४ हा आकडा कोठून येतो, हे बहुतेक पुस्तकांत नीट सांगितलेले असते. टेलिफोनवरच्या बोलण्यात ४,००० हर्ट्‌झपर्यंतची कंपने धरली, तर सेकंदाला त्याच्या दुप्पट म्हणजे ८,००० नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला की सेकंदाला ६४,००० बिट होतात. ही झाली एक 'बी' वाहिनी. घरगुती किंवा छोट्या कचेरीच्या आयएसडीएन लाइनवर अशा दोन बी वाहिन्या असतात आणि त्यांच्या जोडीला १६,००० बिटांची एक 'डी' वाहिनी असते. बेरीज १,४४,०००. काळतंत्र जुळवण्यासाठी आणि देखभालीसाठी आणखी १६,००० बिट धरले की तारेवर प्रत्यक्षात १,६०,००० बिट धावतात. आठवीच्या मुलालाही हे फळ्यावर करून दाखवता येते.

डी वाहिनीबद्दल मात्र धडे एका वाक्यात आटोपतात. 'ती संकेतनासाठी वापरतात.' वास्तविक सर्व योजनेतला सर्वात सुंदर भाग हाच आहे. साध्या टेलिफोनवर नंबर फिरवणे, घंटा वाजणे आणि बोलणे हे सारे एकाच वाटेने चालते. आयएसडीएनमध्ये बोलण्याची वाट वेगळी आणि निरोप्याची वेगळी. दोन्ही बी वाहिन्या गुंतलेल्या असल्या तरी 'आणखी एक फोन येतो आहे' हा निरोप डी वाहिनीवरून येतो. नंबर लावण्याचा आणि फोन ठेवण्याचा निरोपही तिच्यावरूनच जातो, म्हणून जोडणी एकदोन सेकंदांत होते. साध्या मोडेमला याच कामाला, त्या ओळखीच्या किंचाळण्यासकट, वीसतीस सेकंद लागत. या एका फरकामुळे राउटरला 'काम असेल तेव्हाच फोन लाव, काम झाले की ठेव' असे सांगणे व्यवहार्य झाले. धड्यात हे दोन मुद्दे शेजारी कधी येत नाहीत. डी वाहिनी एका पानावर, राउटर दुसऱ्याच प्रकरणात.

यानंतर येते ती आकृती. टीई-१, टीई-२, टीए, एनटी-१, एनटी-२ अशा चौकटी आणि त्यांच्यामध्ये आर, एस, टी, यू ही अक्षरे. विद्यार्थी ती न चुकता काढतात, गुणही मिळतात. पण एनटी-१ म्हणजे भिंतीवर टांगलेली एक छोटी पेटी आहे, टेलिफोन खात्याकडून येणाऱ्या दोन तारा तिच्यात जातात आणि तिच्यातून निघालेली चार तारांची वाट राउटरकडे जाते, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. ही पेटी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तर परीक्षेत येणेच शक्य नाही. अमेरिकेत ती ग्राहकाची. युरोपात आणि आपल्याकडे टेलिफोन खात्याची. म्हणून राउटरही दोन जातींचे निघाले. एका जातीत ही पेटी पोटातच असते आणि तिला 'यू' तोंड असते. दुसरीला 'एस/टी' तोंड असते आणि पेटी बाहेर लागते. चुकीच्या जातीचा राउटर आणला तर सूचना कितीही अचूक दिल्या तरी दिवा लागत नाही. आकृतीतल्या त्या दोन अक्षरांचा एवढा अर्थ आहे.

आता पुस्तिकांकडे येऊ. सिस्को कंपनीच्या राउटरची सूचनाभाषा या क्षेत्रात प्रमाण मानली गेली, म्हणून तीच उदाहरणाला घेतो. आयएसडीएन लाइनसाठी नमुन्यादाखल छापला जाणारा मजकूर दहापंधरा ओळींचा असतो. पहिली महत्त्वाची ओळ 'आयएसडीएन स्विच-टाइप बेसिक-नेट३'. पलीकडचे एक्सचेंज कोणत्या बोलीत बोलते ते येथे सांगायचे. 'बेसिक-नेट३' ही युरोपीय मानकाची बोली. अमेरिकी नमुन्यांत याच जागी दुसरी नावे असतात आणि खाली एसपीआयडी नावाचे लांब आकडे लिहिलेले असतात. या बोलीत ते लागत नाहीत. अमेरिकी नमुना जसाच्या तसा उतरवून 'आमचा एसपीआयडी काय?' असे विचारत टेलिफोन कचेरीत गेलेली माणसे मला माहीत आहेत. त्यांतला एक मी.

मग 'इंटरफेस बीआरआय ०', पत्ता, 'एनकॅप्सुलेशन पीपीपी', परवलीचा शब्द, 'डायलर स्ट्रिंग' आणि पुढे फोन नंबर. येथवर सगळे जोडण्याचे. यानंतर तीन ओळी येतात आणि माझ्या मते सगळा धडा या तीन ओळींचा असायला हवा. 'डायलर-लिस्ट १ प्रोटोकॉल आयपी परमिट'. 'डायलर आयडल-टाइमआउट १२०'. 'डायलर लोड-थ्रेशोल्ड १२८'.

पहिली ओळ कोणत्या कामासाठी फोन लावायचा ते ठरवते. इंग्रजीत अशा कामाला 'इंटरेस्टिंग ट्रॅफिक' म्हणतात; आपण 'दखलपात्र' म्हणू. दुसरी ओळ सांगते की दखलपात्र काही गेले नाही असे १२० सेकंद झाले की फोन ठेवायचा. येथे एक बारकावा आहे. एकदा लाइन जोडली की तिच्यावरून सर्व प्रकारचे संदेश जातात, दखलपात्र आणि बिनदखलपात्रही. पण १२० सेकंदांचे घड्याळ पुन्हा शून्यावर आणण्याचा मान फक्त दखलपात्र संदेशाला, आणि तोही, वेगळे सांगितले नसेल तर, बाहेर जाणाऱ्या संदेशाला. हे वाक्य पुस्तिकेत असते, नाही असे नाही. पण ते सूचनांच्या अकारविल्हे यादीत असते, आणि नमुन्यात मात्र 'आयपी परमिट' छापलेले असते, म्हणजे जे जे आयपी ते सर्व दखलपात्र. नवखा माणूस यादी वाचत नाही, नमुना उतरवतो. शिक्षकही तेच करतात, कारण नमुना 'चालतो'.

चालतो म्हणजे काय, याचा अनुभव मला जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात आला. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नवी आयएसडीएन लाइन, नवा राउटर, आणि तो बसवताना मदतीला मी. नमुना उतरवला, दिवे लागले, इंटरनेट आले, सर्वांनी चहा घेतला. मग उन्हाळ्याची सुटी लागली. जूनमध्ये बिल आले ते वर्षभराच्या तरतुदीला पुरून उरेल असे. राउटरला साधा फोनही जोडलेला होता आणि रात्री इमारतीत एक शिपाई झोपायला असे. तेव्हा स्थानिक कॉलची नंबरवार यादी बिलात येत नसे, फक्त मीटरचा आकडा येई. संशय कोणावर गेला असेल ते सांगायला नको. तो बिचारा एवढेच म्हणत राहिला, "सर, मी त फोनले हात बी नाई लावला."

त्याचे म्हणणे खरे ठरले ते गणिताने. दोन बिलांमधल्या मीटरच्या आकड्यांची वजाबाकी केली, तिला एका पल्सच्या वेळेने गुणले, तर सुटीतल्या दिवसांचे जवळजवळ सगळेच तास भरले. रात्रंदिवस, जेवणखाण सोडून, रविवार न पाळता कोणी माणूस फोनवर बोलू शकत नाही. कुलूप काढून खोलीत गेलो तर कोणताही संगणक चालू नव्हता आणि राउटरवर पहिल्या वाहिनीचा दिवा शांतपणे जळत होता.

कारण असे होते. नमुन्यात आरआयपी नावाची एक सोय चालू ठेवलेली होती. तिच्यामुळे राउटर दर ३० सेकंदांनी शेजारच्या राउटरांना आपल्याकडच्या वाटांची यादी कळवतो. ही यादी आयपीवरूनच जाते. 'आयपी परमिट' म्हटल्यामुळे ती दखलपात्र ठरली. घड्याळ १२० पर्यंत मोजणार, आणि दर ३० ला कोणीतरी ते शून्यावर आणणार. लाइन सुटणार कशी? राउटर बिघडला नव्हता. आम्ही सांगितले ते तो तंतोतंत पाळत होता. आम्ही आरआयपी बंद केली, तिच्या जागी एकच ठरीव वाट लिहून दिली आणि दखलपात्र काय याची यादी लहान केली. प्राचार्यांनी शिपायाला बोलावून चहा पाजला. मी मात्र त्याच्याकडे पाहायचे टाळले, कारण नमुना मी उतरवला होता.

धड्यात या प्रकाराला जागा नाही. असती, तर वर्गात काय काय करता आले असते ते पाहा. उदाहरणापुरती पल्स तीन मिनिटांची आणि पल्सला एक रुपया धरू. लाइन सुटलीच नाही तर दिवसाला २४ × ६० ÷ ३ म्हणजे ४८० रुपये, वीस दिवसांचे ९,६००. हे सरळ झाले. आता १२० हा आकडा चांगला की वाईट ते विचारू. समजा, एक शिक्षिका एकेक पान उघडून वाचत आहेत; पान येण्यास २० सेकंद, वाचण्यास ६०. अशी दहा पाने. आयडल-टाइमआउट ३० ठेवला तर प्रत्येक पानानंतर लाइन सुटेल आणि पुढच्या पानाला नवा फोन लागेल, म्हणजे दहा फोन, दहा रुपये. १२० ठेवला तर लाइन मध्ये सुटणारच नाही. दहावे पान ७२० व्या सेकंदाला सुरू होऊन ७४० ला संपेल, पुढे १२० सेकंद वाट पाहून ८६० ला फोन ठेवला जाईल, आणि पाच पल्स भरतील. अर्धाच खर्च. येथे उशिरा फोन ठेवणे स्वस्त पडले.

आता दुसरा प्रसंग. एकच फाइल, ७० सेकंदांची. १२० ची वाट पाहिली तर एकूण १९० सेकंद, म्हणजे दोन पल्स. दुसरीतले दहाच सेकंद वापरले आणि रुपया पूर्ण दिला. १०० ठेवले असते तर १७० सेकंदांत, एका पल्समध्ये काम झाले असते. तेव्हा योग्य आकडा वापरणाऱ्याच्या सवयीवर आणि गावच्या टेलिफोनच्या दरावर ठरतो. १२० हा कंपनीने कारखान्यातून भरून पाठवलेला आकडा. आपल्या पल्सची लांबी त्या कारखान्याला माहीत असण्याचे कारण नाही. पुस्तिका हा आकडा छापते, पण तो बदलावा की नाही हे ठरवण्याची रीत देत नाही. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

तिसऱ्या ओळीतले १२८ हेही असेच. येथे भार २५५ पैकी मोजतात, म्हणून १२८ म्हणजे साधारण निम्मा. पहिली वाहिनी निम्म्याहून जास्त भरली की दुसरी लावायची. धडा म्हणतो, 'त्यामुळे वेग १२८ किलोबिट होतो.' होतो. पण दुसरी वाहिनी म्हणजे दुसरा फोन, आणि त्याची पल्स वेगळी. दहा मेगाबाइटची फाइल एका वाहिनीवर सुमारे १,३११ सेकंद घेईल, म्हणजे आठ पल्स. दोन वाहिन्यांवर ६५६ सेकंद, म्हणजे प्रत्येकी चार, मिळून आठच. वाट पाहण्याचा वेळ सोडला तर पैसे तेवढेच आणि वेळ निम्मा. एक मेगाबाइटची फाइल घेतली तर एका वाहिनीवर १३१ सेकंद, एक पल्स. दोन वाहिन्यांवर ६६ सेकंद, पण दोन पल्स. मोठ्या कामाला दुसरी वाहिनी फुकट पडते आणि लहान कामाला दुप्पट. मुलांना हे सांगू नये. आकडे द्यावेत आणि त्यांना शोधू द्यावे.

हा आग्रह मी वर्ध्याच्या वाचकांपुढे धरतो याला कारण आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ ला याच गावात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे जी योजना मांडली ती 'वर्धा योजना' म्हणून ओळखली गेली. हस्तव्यवसायातून शिक्षण, ही तिची सर्वांना पाठ असलेली व्याख्या. पण नुसता हस्तव्यवसाय शिकवावा असे त्यात नव्हते. प्रत्येक क्रियेमागचे 'का' मुलाला कळावे, हा गांधीजींच्या मांडणीचा मुख्य भाग होता. टकळीवर सूत काढता येणे वेगळे, आणि सुताचा अंक म्हणजे लांबी व वजन यांचे गुणोत्तर हे काढता येणे वेगळे. या कसोटीवर आयएसडीएनचे लेखन तपासले तर एक गमतीदार फूट दिसते. पाठ्यपुस्तकात क्रिया नाही, नुसत्या व्याख्या. पुस्तिकेत क्रिया आहे, पण 'का' नाही. दोन्ही वाचलेला विद्यार्थी दोन्ही परीक्षा पास होतो आणि शिपायावर संशय येतो तेव्हा काही बोलू शकत नाही.

यावर एक उत्तर मला ऐकवले जाते, की पुस्तिका हा काही पाठ नव्हे, ती जाणकारासाठी असते. मान्य. पण मग आपल्या पाठ्यपुस्तकांनी आपल्या गावचे प्रश्न तरी घ्यावेत. एक साधा प्रश्न अंतराचा. या पद्धतीत एक्सचेंजपासून तारेची लांबी, तार किती जाड आहे त्यानुसार, साधारण पाच-साडेपाच किलोमीटरपर्यंत चालते. वर्धा शहरापासून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर. म्हणजे शहराच्या एक्सचेंजमधून सरळ तार ओढून सेवाग्रामला आयएसडीएन देता येणार नाही. जवळचे एक्सचेंज किंवा मध्ये काही साधन हवे. पूर्वी लांबच्या तारांवर आवाज नीट जावा म्हणून ठराविक अंतरावर वेटोळी बसवत असत. तीच वेटोळी अंकीय संदेशाला अडवतात, कारण ती उच्च कंपने पुढे जाऊ देत नाहीत. ज्या उपायाने टेलिफोन खेड्यापर्यंत नेला तोच पुढच्या पिढीच्या आड आला, ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या तासालाही उपयोगी पडावी. दुसरा प्रश्न विजेचा. साध्या टेलिफोनला लागणारी वीज एक्सचेंजकडून तारेतूनच येते. एनटी-१ला मात्र आपल्या घरची २३० व्होल्टची वीज लागते. ती गेली तर फारतर एखादे नेमलेले यंत्र एक्सचेंजच्या विजेवर तग धरते. ज्यांनी विदर्भातले भारनियमन काढले आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. मी पाहिलेल्या एकाही मराठी धड्यात हे दोन प्रश्न नव्हते.

आज आयएसडीएन मागे पडले आहे. जपानमध्ये जानेवारी २०२४ पासून त्यावरची विदासेवा बंद करायला सुरुवात झाली. ब्रिटनने जुनी टेलिफोन यंत्रणा बंद करण्यासाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठरवली आहे. मग या धड्यांची चिकित्सा कशाला? एक तर, खिशातल्या मोबाइलमध्ये तेच घड्याळ चालू आहे. काही काळ संदेश गेला नाही की त्याची रेडिओजोडणी सोडली जाते, आणि एखादे अ‍ॅप दर थोड्या सेकंदांनी काहीतरी पाठवत राहिले की ती सुटत नाही. तेथे बिल रुपयांत येत नाही, बॅटरीत येते. दुसरे असे, की नव्या विषयांचे धडे त्याच साच्यात लिहिले जात आहेत. नाव, विस्तार, आकृती, फायदे, तोटे.

त्या महाविद्यालयातला राउटर आता कपाटात आहे. दोन राउटर तारेने एकमेकांना जोडून आयएसडीएनचा प्रयोग करता येत नाही, मध्ये एक्सचेंज लागते, म्हणून तो चालवून दाखवता येणार नाही. पण त्याला वीज दिली तर आत लिहिलेला मजकूर अजून वाचता येतो. गेल्या वर्षी अकरावीच्या मुलांना मी तो फळ्यावर उतरवून दिला, जुना, चुकीचा, आरआयपीसकट. लाइन कधी सुटेल, एवढेच विचारले. पहिल्या तासाला सर्वांनी '१२० सेकंदांनी' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने वही पुढे केली. तिने ३०, ६०, ९० असे आकडे मांडले होते, आणि प्रत्येकासमोर शून्य लिहिले होते.